केसपेपरवरची दुरुस्ती

"आठ महिने? हे कोणी लिहिलं?"

काकांनी केसपेपर टेबलावर ठेवला आणि त्या आकड्यावर बोट टेकवले. सिस्टरने मान वर केली नाही.

"पेशंटला विचारूनच लिहितो आम्ही, काका."

"कोणत्या पेशंटला? वॉर्डात आज चार जणी आहेत. माझ्या मिसेसचा रक्तस्राव पंधरा दिवसांचा आहे."

पंपांच्या कारखान्यात काकांनी चौतीस वर्षे तपासनीस म्हणून काढली होती. केसाएवढाही फरक त्यांच्या नजरेतून सुटत नसे, म्हणून कामगार त्यांना पाठीमागे 'मायक्रॉन' म्हणत. त्यांना ते ठाऊक होते आणि मनातून आवडतही असे. चुकीची नोंद कशी दुरुस्त करायची, हे त्यांच्या हातात मुरलेले होते. त्यांनी खिशातून पेन काढले, 'आठ महिने' या शब्दांवर एकच सरळ रेघ मारली, वर 'पंधरा दिवस' लिहिले, सही केली आणि तारीख घातली.

"अहो काका! शाळेची वही आहे का ही?" सिस्टरने कागद ओढून घेतला.

काकांचा संशय आता पक्का झाला. पाळी जाऊन सात वर्षे झाल्यावर रक्त दिसले तर कारण शोधलेच पाहिजे, असे डॉक्टरीणबाई परवा म्हणाल्या होत्या. क्युरेटिंग करू, म्हणजे पिशवीचे तोंड थोडे रुंद करून आतले अस्तर खरवडून काढू आणि ते तपासायला पाठवू. वीस मिनिटांचे काम. काम सुरू होण्याआधीच मिनिटे सांगणाऱ्या माणसावर काकांनी आयुष्यात कधी विश्वास ठेवला नव्हता. पंधरा दिवसांचे दुखणे गोळ्यांवर भागले असते, म्हणून या लोकांनी त्याचे आठ महिने केले. सरळ हिशेब होता.

ते खाटेपाशी गेले. काकू हिरवा गाऊन घालून, चष्मा हातात धरून बसल्या होत्या.

"ऊठ. कपडे बदल. आपण दुसरीकडे दाखवू. इथे खोट्या नोंदी करतात."

"खोटी नाहीये ती."

"तुला माहीत नाही. आठ महिने लिहिलंय त्यांनी."

"मीच सांगितलं."

काका उभेच राहिले. "मला पंधरा दिवस म्हणाली होतीस."

"मी कुठे काय म्हणाले? पंधरा दिवसांपूर्वी तुम्हाला चादरीवर डाग दिसला. तिथून तुम्हीच मोजायला लागलात."

आठ महिने म्हणजे त्यांच्या निवृत्तीनंतरचे, दिवसभर घरात बसून काढलेले आठ महिने. नळाची गळती, घड्याळाचे मागे पडणे, दाराची कुरकुर, सगळे त्यांनी तेवढ्या काळात टिपले होते.

"सांगायला काय झालं होतं?"

"मागे एकदा सांगितलं होतं की." काकूंनी चष्मा पुसायला घेतला. "एकतीस वर्षं झाली. तिसऱ्या महिन्यात पडलं, तेव्हाही अशीच पिशवी साफ केली होती. घरी आणलंत आणि स्टूल ओढून, कागद घेऊन बसलात. काय उचललंस, किती वजनाचं, किती वाजता. जिना कितीदा चढलीस. मी गुंगीत होते, पण उत्तरं देत गेले."

"पुढच्या वेळी तसं होऊ नये म्हणून—"

"पुढची वेळ आलीच नाही." त्यांचा आवाज चढला नव्हता. "कागदाच्या खाली तुम्ही लिहिलं होतंत, 'कारण : पाण्याची बादली.' तुम्ही कामावर गेल्यावर मी वाचलं."

काकांनी मघापासून हातात असलेले पेन खिशात ठेवले.

"तुमच्या मनात वाईट नव्हतं, कळतं मला. पण या वेळी काही वाईट निघालं, तर त्याचं कारण माझ्या नावावर नको होतं. बस्स."

सिस्टर संमतीचा कागद घेऊन आली. "काकू, चला. काका, सही करताय की यातही दुरुस्ती आहे?"

काकांनी कागद घेतला, पण पाहिले काकूंकडे. "करायचं ना?"

इतक्या वर्षांत असे विचारलेले काकूंना आठवत नसावे. त्यांनी पुसलेला चष्मा डोळ्यांवर चढवून त्यांच्याकडे पाहिले.

"करायचं. आणि तुम्ही चहा घेऊन या आधी. उपाशी राहायला मला सांगितलंय, तुम्हाला नाही."

काकांनी सही केली. चहाला मात्र ते गेले नाहीत.

काम अठ्ठावीस मिनिटे चालले. मग दार अर्धे उघडून सिस्टरने एक छोटी, रुंद तोंडाची बाटली त्यांच्या हातात दिली. "नीट झालं सगळं. काकू शुद्धीवर येतायत, मी आहे जवळ. हे रस्त्यापलीकडच्या लॅबमध्ये देऊन या."

स्वच्छ द्रवाच्या तळाशी लालसर धाग्यांसारखे काहीतरी होते. वर नाव, वय, तारीख. काकांनी बाटली दोन्ही हातांत धरली आणि जिना उतरले. रस्ता ओलांडताना एका मोटारीने हॉर्न वाजवला. त्यांनी पावलाची गती बदलली नाही.

खिडकीतल्या मुलीने हात पुढे केला. "रिपोर्ट सात दिवसांनी."

"त्यात... कशामुळे झालं, ते येतं का?"

"काय झालंय ते येतं. कशामुळे, ते नाही येत." तिने बाटली धरली, हलकेच ओढली आणि पुन्हा ओढली. "आजोबा, सोडा ना. सांडेल."

काकांनी खाली पाहिले. त्यांची बोटे बाटलीभोवती घट्ट मिटलेली होती. ती त्यांनी एकेक करून सोडवली.