मागच्या रांगेतला तिसरा

आत्याने फ्रेम छातीशी धरली आणि कपाटाला पाठ लावून ती उभी राहिली.

"एका दिवसाचं काम आहे," भाची म्हणाली. "स्कॅन करतात नि हातात देतात."

"पुढच्या आठवड्यात बघू."

"मागच्या आठवड्यातही हेच म्हणालीस!"

भाची नर्स होती. या एका फोटोपायी तिने तिसऱ्यांदा ड्यूटी बदलून घेतली होती, मेट्रनची बोलणी खाल्ली होती. लढाईतून न परतलेल्या जवानांचे फोटो पलटणीच्या सभागृहात लागणार होते. आजोबांच्या नावापुढची चौकट तेवढी रिकामी होती. आणि त्यांचा एकुलता एक फोटो, आघाडीवर जाण्याआधी साथीदारांसोबत काढलेला, आत्या काही केल्या सोडत नव्हती.

"रिकामी राहू दे मग," भाची पर्स उचलत म्हणाली. "वडील तुझे. मीच का जिवाचं रान करतेय?"

आत्या पलंगावर टेकली.

"कुणाचा चेहरा देणार आहेस?"

"म्हणजे? मागच्या रांगेतला तिसरा. तूच दाखवत आलीस."

"आई दाखवायची म्हणून. पण शेवटच्या दुखण्यात तिने खाली बसलेल्या एकावर बोट ठेवलं. मी म्हटलं, अगं, हे कुठले? तर म्हणाली, दोन सुट्ट्यांपुरता माझा संसार, चेहरा कुठवर धरून ठेवू?"

 आजोबा गेले तेव्हा भाचीचे बाबा रांगत होते आणि आत्या पोटात होती. आता विचारायचं कुणाला?

"हे आधी नाही सांगायचंस?" ती चिडून म्हणाली. पण पर्स तिने खाली ठेवली.

शेवटी दोघी मिळूनच गेल्या. सभागृहात ही गर्दी. पंखा नुसताच घरघरत होता. कारकुनाने फ्रेम टेबलावर ठेवली, तोच शेजारच्या रांगेतले एक वयस्क गृहस्थ वाकून पाहू लागले.

"अहो, हे आमचे काका!"

त्यांचं बोट मागच्या रांगेतल्या तिसऱ्यावर होतं. त्यांनी पिशवीतून आपला फोटो काढला. तेच बाहेर आलेले कान, तीच हनुवटीवरची खळी. वाद घालायला जागाच नव्हती.

"मग तुमचे कोणते?" कारकुनाने विचारलं.

 हेलपाटे, बोलणी, सगळं पाण्यात. भाचीला त्या गृहस्थांचा राग आला, कारकुनाचा आला, चेहरा विसरलेल्या आजीचाही आला. आत्याकडे बघायचा मात्र धीर होईना.

आत्याने शेजारची खुर्ची ओढली आणि त्या गृहस्थांसमोर बसली.

"स्वभावाने कसे होते हो?"

"कोण?"

"तुमचे काका."

गृहस्थ गोंधळले. मग हसले. "आमची आजी सांगायची, महाखोडकर. भरतीला निघाले त्या दिवशीसुद्धा धाकट्या बहिणीची वेणी खिडकीच्या गजाला बांधून गेले."

आत्याने त्या तिसऱ्याच्या चेहऱ्यावरची काच हाताने पुसली.

"मला वाटलंच होतं," ती म्हणाली.