फ्रिजमधली शेवटची बाटली

औषधांच्या दुकानात काउंटरमागे उभा राहणाऱ्या त्या माणसाला सगळी गल्ली कंपाउंडर म्हणायची. दर आठवड्याला प्रार्थनाघरात शास्त्राचं वाचनही तोच करायचा. आवाज खणखणीत, उच्चार स्वच्छ. लोकांनी कौतुक केलं की तो मान खाली घालायचा, पण मनातून सुखावायचा.

त्याच्या बायकोला काचबिंदू होता. ती घरी रफूचं काम करायची. डोळ्यांत रोज संध्याकाळी थेंब घालावे लागत. त्यात खाडा झाला तर गेलेली नजर परत येणार नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. मग त्या थेंबांचा तुटवडा पडला. दुकानातल्या फ्रिजमध्ये एकच बाटली उरली, आणि ती वेतवाल्या आजींसाठी बाजूला ठेवलेली होती. खुर्च्यांना वेत विणणाऱ्या आजींचा एक डोळा आधीच गेला होता. त्यांनी वेळेवर सांगून ठेवलं होतं. कंपाउंडरच्या हातून मात्र घरचंच सांगायचं राहून गेलं होतं.

आजी सकाळी आल्या. "आलं का रे माझं औषध?"

"नाही हो आजी, गाडीच आली नाही अजून," तो म्हणाला. फ्रिज त्याच्या पाठीशीच होता.

"बरं. तुझ्यावर भरवसा आहे," म्हणून आजी पायरीचा अंदाज घेत उतरल्या.

संध्याकाळी बाटली त्याच्या खिशात होती. बायकोने विचारलं, "मिळाली? देव पावला म्हणायचा."

तो हो म्हणाला.

पुढच्या प्रार्थनेला जो उतारा वाचायचा होता, तो त्याला जवळजवळ पाठ होता. त्यात उपाशी माणसापुढे पोट भरायची आयती सोय येते, पण तो देवाच्या शब्दाला धरून राहतो आणि तिला हात लावत नाही. कंपाउंडर उभा राहिला. पुढच्याच बाकावर आजी बसल्या होत्या, ऐकण्यासाठी मान थोडी कलती करून. दोन ओळी झाल्या आणि पुढचं त्याला वाचवेना. लोकांना वाटलं, बरं नसेल. कुणीतरी पाणी आणलं. ते पाणी पिताना त्याला धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं. वाचन दुसऱ्याने पूर्ण केलं.

घरी जाताना वाटेतच त्याने बायकोला सगळं सांगितलं. ती चालता चालता थांबली.

"मी रोज ते डोळ्यांत घालून घेत होते," ती म्हणाली. "आणि वर देवाचे आभार मानत होते."

"तुझी नजर गेली असती तर?"

"मला भीती नव्हती वाटत असं नाही. पण देवाने सांभाळीन म्हटलंय ना? त्यात दुसऱ्याचं उचलून आण, असं कुठे म्हटलंय? लोकांना वाचून दाखवतोस, तुझ्या कानावर नाही का पडत?"

दोघं तसेच आजींच्या घरी गेले. आजी अर्धवट विणलेल्या खुर्चीशी बसल्या होत्या. तो बोलत असताना त्यांची बोटं वेतावर तशीच थबकली.

"उघडलेली बाटली मला चालायची नाही," शेवटी त्या म्हणाल्या. "तू मागितली असतीस तर मी दिली असती का, तेही नाही सांगता येत. पण मला नाही म्हणायची संधी तरी द्यायचीस."



दुकानाच्या मालकाला सांगितल्यावर त्याने फ्रिजची किल्ली काढून घेतली, नोकरी तेवढी ठेवली. कंपाउंडरने ओळखीपाळखीने दूरच्या दुकानातून आजींसाठी बाटली मागवली, पण ती यायला वेळ लागला. नंतरच्या तपासणीत आजींची नजर आणखी उतरलेली निघाली. त्या खाड्यामुळेच का, हे डॉक्टरांनाही सांगता येईना. आजींनी बारीक विणकाम सोडलं.

घरातली बाटली टाकून द्यावी, असं कंपाउंडरला वाटत होतं. बायको म्हणाली, "टाकून त्यांचा डोळा बरा होणार आहे का? घाल." आता रोज थेंब घालून घेताना ती देवाचे आभार मानत नसे आणि तो तिच्या नजरेला नजर देत नसे.

ती बाटली संपायला आली तेव्हा तुटवडा होताच. या वेळी त्याने घरचं आधीच सांगून ठेवलं होतं, पण नंबर बराच मागे होता. एक बाटली आली, ती गल्लीतल्या पोस्टमनच्या वडिलांच्या वाट्याची. मालकाने फ्रिज उघडून ती काउंटरवर ठेवली आणि जेवायला घरी गेला. दुकानात दुसरं कुणी नव्हतं. कंपाउंडर बाटलीकडे बघत उभा राहिला. देव सांभाळील, हे जे वचन तो इतकी वर्षं मोठ्या आवाजात वाचत आला होता, ते त्याने ओठांतल्या ओठांत म्हटलं. पहिल्यांदाच ते त्याला स्वतःसाठी हवं होतं. मग त्याने पोस्टमनला फोन केला. "तुमचं औषध आलंय. आत्ताच्या आत्ता घेऊन जा."

संध्याकाळी तो रिकाम्या हाताने घरी गेला.

"आज नाही मिळाली," तो म्हणाला. "एक आली होती. ती ज्यांची होती त्यांना दिली."

बायकोच्या चेहऱ्यावरची भीती त्याला दिसत होती.

"बरं केलंस," ती म्हणाली. "बस इथे जवळ. उद्या विचारू पुन्हा."