निळं औषध

अति शहाणा त्याचा बैल रिकामा, असं आई म्हणायची. माझ्या अति शहाणपणापायी एक मूल गेलं.

१९७३ साल. अंधेरीच्या एका इस्पितळात मी नाजूक बाळांच्या खोलीची नर्स होते. डॉक्टर सामंत रोज प्रत्येक बाळाची छाती ऐकायचे आणि मग तोंड उघडून जीभ बघायचे. "शकु, हृदयात जन्मतः दोष असला तरी कधीकधी छातीत आवाज येत नाही. हातपाय तर थंडीनेही निळे पडतात. जीभ मात्र खोटं बोलत नाही." याहून वेगळी तपासणी आमच्याकडे नव्हतीच.

एका बाळाच्या तोंडात पांढरी बुरशी आली. त्याला निळं औषध लाव, असं डॉक्टरांनी सांगितलं. मी खबरदारी म्हणून अकराही बाळांच्या तोंडाला फासलं. माझ्या खोलीत आजार पसरू देणार नाही, याचा मला केवढा ताठा!

अकरावं बाळ वर्सोव्याच्या मथुरेचं, दोन दिवसांचं. दुसऱ्या सकाळी डॉक्टरांनी त्याचं तोंड उघडलं.

"औषध लावलंय?"

"हो," मी म्हणाले. ते पुढच्या बाळाकडे गेले.

दूध पाजायला आलेली मथुरा म्हणाली, "बाई, पिताना दमतो ह्यो. ओठ बगा ना, कसं निळं झालंय."

"अगं, औषध आहे ते. पुसलं की जाईल."

संध्याकाळी पुन्हा तेच. मी खेकसलेच तिच्यावर. "सगळ्यांचीच तोंडं निळी आहेत. तुझाच काय राजपुत्र लागून गेलाय?"

पाचव्या दिवशी दहा तोंडं पुन्हा गुलाबी दिसू लागली. अकरावं निळंच. मी बोटाला ओला कापूस गुंडाळून त्याची जीभ घासली. कापूस पांढराच राहिला.

मी ओरडून डॉक्टरांना बोलावलं. डॉक्टर धावत आले, त्यांनी मोठ्या इस्पितळात न्यायला गाडी मागवली. गाडी येण्याआधीच मथुरेच्या मांडीवर बाळ गेलं.

मथुरा रडत नव्हती. पदराचं टोक ओलं करून ती त्याचे ओठ पुसत होती. माझ्याकडे न बघता म्हणाली, "बाई, तुमी म्हनलात ना, पुसलं की जाईल. अजून नाय जात."