डावीकडचा धक्का

दादाला जाऊन ऋतू उलटला, तरी त्याची जीप धाकट्या भावाच्या गॅरेजमधून बाहेर पडत नव्हती. दादा झोपेतच गेला. गाडीचा त्यात काही दोष नव्हता. तरी तिची मागची चाकं काढलेली, आणि ती लोखंडी घोड्यांवर टेकून उभी.

"भाऊजी, ही गाडी आहे की रुसलेला जावई?" वहिनी दारातूनच म्हणाली. "नुसता पाहुणचार चाललाय! बेकरीवाला सोमवारपर्यंत थांबेल. मग घाटापलीकडे पाव पोचवायचं आपलं काम दुसऱ्याला देणार."

"मागच्या एक्सलला प्ले आहे, वहिनी, ढिला हलतोय तो. घाटात काही झालं म्हणजे?"

"मागच्या खेपेलाही तुम्ही हेच म्हणालात."

त्या जीपच्या मागच्या एक्सलचे दोन शाफ्ट मधोमध एका ठोकळ्याला टेकलेले असतात. डावा ढकलला की उजवा केसभर बाहेर येतो. केसभर यायलाच हवा. जास्त आला की धोका. म्हणून तपासणी दोघांची. दादा डावीकडे बसून ढकलायचा, आणि धाकटा उजवीकडे शाफ्टवर तळवा ठेवून हालचाल मोजणाऱ्या गेजचा काटा बघायचा. मधे अख्खी गाडी.

आता डावीकडे कोणी नव्हतं. तरी तळवा ठेवला की पलीकडून धक्का यायचा. आधी हळू, मग खांद्याचा जोर लावून, अगदी दादासारखा. काटा मात्र जागचा हलत नसे. धाकट्याचा स्वतःवर कधीच विश्वास नव्हता, पण दादाच्या हातावर होता. त्याने काट्यालाच खोटं ठरवलं, आणि दर वेळी बेअरिंगमागची एकेक पातळ चकती काढून एक्सल आवळत नेला.

आज वहिनी ऐकेना. "चाकं चढवा. एक चक्कर मारून येते."

ती पाण्याच्या टाकीपर्यंत जाऊन आली. उतरली, नाक वर करून वास घेतला, चाकाजवळ वाकली. "हात लावून बघा."

त्याने बोट टेकवलं आणि झटकन मागे घेतलं. चाकाचा मधला भाग तव्यासारखा तापला होता. चाकं उतरवून बघितलं तर बेअरिंग निळसर पडलेली. मागे एकही चकती शिल्लक नव्हती. इतकी आवळलेली बेअरिंग घाटात अडकूनच बसली असती.

त्याने हातातला पाना खाली ठेवला. "मीच मारलं असतं तुम्हाला."

"ते राहू द्या. खरं सांगा, प्ले होता का?"

"काट्यावर नव्हता." त्याने तळवा पुढे केला. "इथे होता. पलीकडून दादा ढकलतो."

ती हसेल असं त्याला वाटलं. ती हसली नाही.

"गाडी गेली की तेही जातील, असं वाटतं तुम्हाला."

त्याने पुढे केलेला तळवा मिटला.

"मला घरात कुठेच भेटत नाहीत," ती म्हणाली. "तुम्हाला निदान इथे तरी भेटले." मग बाह्या वर सारून ती डावीकडे जाऊन बसली. "घाला नवी बेअरिंग. ढकलायला मी आहे. आज उरकल्याशिवाय उठत नाही."

त्याने नवी बेअरिंग बसवली, चकत्या परत घातल्या, गेज लावला.

"आधी हळू," तो म्हणाला, "मग खांद्याने."

तिचा धक्का वेगळा होता, घाईचा, थोडा रागाचासुद्धा. काटा हलला आणि हवा तिथे थांबला. त्याने पुन्हा ढकलायला सांगितलं. काटा तिथेच आला.

"झालं?"

"झालं."

गाडीखालून तिचे पाय नळाकडे जाताना दिसले. पाणी सुटल्याचा आवाज आला. त्याच्या तळव्याखाली शाफ्ट अजून दाबत होता. आधी हळू, मग खांद्याने. काटा स्थिर होता.

"वहिनी," त्याने हाक दिली. "सोमवारी घेऊन जा गाडी."

धक्का चालू असतानाच त्याने तळवा काढून घेतला.