वाकडं रोप नेमकं कुणाचं?

मी टमाट्याचं रोप बोलतोय. कोणत्या टमाट्याचं, ते मात्र एवढ्यात विचारू नका. जन्मल्यापासून याच एका प्रश्नावर दोन बायकांची हुज्जत मी ऐकत आलो, आणि जी शेवटी बोलायची तिचंच मला खरं वाटायचं.

आमचं गाव भोकरदनजवळ. घर पूर्वी एकच होतं, आता मधे कमरेएवढी भिंत आहे. भिंतीच्या अलीकडे थोरली जाऊ गिरिजाबाई, पलीकडे धाकटी साळूबाई. वाटणीत भांडीकुंडी, गोठा, विहिरीची पाळी सगळं वाटलं गेलं. टमाट्याचं बी तेवढं वाटावं लागलं नाही, कारण ते दोघींचं पहिल्यापासून वेगळंच होतं. गिरिजाबाईंचं टमाटं चपटं, लालभडक, भोपळ्यासारख्या चिरा पडलेलं आणि जीभ आंबवणारं. ते बी त्यांनी माहेराहून पदराच्या गाठीत बांधून आणलेलं. साळूबाईंचं लांबट, पिवळसर आणि गोड. दोघी दरवर्षी आपापलं बी धरायच्या आणि एकमेकींच्या टमाट्याला नावं ठेवायच्या.

यंदा गिरिजाबाईंच्या सुनेनं, अर्पितानं, मनावर घेतलं. विहिरीजवळच्या तुकड्यात उन्हाळ्यात थोड्याच ओळींना पाणी पुरतं. तेव्हा दोन्ही वाण शेजारीशेजारी वाढवून बघायचे, आणि जो टिकेल, चवीला उतरेल, तोच पुढच्या सालापासून तिथं लावायचा. तिचा नवरा भागवत जालन्याहून रोपांचे काळे ट्रे घेऊन आला.

साळूबाईंनी भिंतीवरून मूठभर बी दिलं. गिरिजाबाईंचं मडकं मात्र उंदरांनी साफ केलं होतं. तळाशी चिमूटभर उरलं, ते त्यांनी सुनेच्या तळहातावर ठेवलं.

"एवढंच हाये बरं. माय गेली, आता माहेरात बी हे टमाटं कुणी लावत न्हाई. जपून."

त्याच चिमटीत मी होतो, की त्या मुठीत? मला कसं कळणार! बी आंधळं असतं. अर्पितानं मला ओल्या भुशात दाबलं, वर आइस्क्रीमची काडी खोवली. काडीवर नाव होतं म्हणे. पण मी डोकं वर काढलं तेव्हा मला वाचता कुठं येत होतं?

मी इतरांच्या मागाहून उगवलो. आजूबाजूची रोपं दोन पानांवरून चारवर गेली, तरी मी आपला माना वेळावत उभा. अर्पिता रोज येऊन दोन्ही ट्रे निरखायची. कोणाचा दांडा जाड, कोण उन्हात मान टाकतंय, सारं बघायची. अजून थोडे दिवस गेले असते तर माझं नाव माझ्याही कानावर पडलं असतं.

पण एका दुपारी साळूबाईंचं करडू भिंतीवरून उडी मारून थेट आमचे ट्रे ठेवलेल्या बाजेवर आलं. ट्रे पालथे झाले. काड्या त्यानं चघळून टाकल्या. आम्ही सगळी भुशासकट एका ढिगात पडलो. माझा दांडा मधेच वाकला, तो वाकलाच.

अर्पितानं डोक्याला हात लावला. एकेकाला उचलून हाती येईल तसं पुन्हा बसवलं. आता कोण कुणाचं, देव जाणे.

मग दोघी जावा आमच्यावर वाकल्या. गिरिजाबाईंनी माझं पान चुरगाळलं.

"घे, वास घेऊन पाह्य. माझंच हाये हे."

साळूबाईंनी हुंगलं. "काहून बाई? वास तर माझ्या टमाट्याचा येऊन राह्यला!"

टमाट्याच्या पानाला टमाट्याचाच वास येणार, पण तिथं ऐकतंय कोण? दुसऱ्या दिवशी मी जरा तरारलो, तर दोघींनी मला आपलं म्हटलं. तिसऱ्या दिवशी मान टाकली, तर दोघींनी मला दुसरीचं ठरवलं. मी तर पार भांबावून गेलो. मुळं एकाच जागी असूनही मी कधी भिंतीच्या या बाजूचा असायचो, कधी त्या.

"आत्याबाई, सगळीच लावू," अर्पिता म्हणाली. "फळ आलं की आपोआप कळंल."

गिरिजाबाई बरं म्हणाल्या. पण अर्पिता भावाच्या लग्नाला घनसावंगीला गेली आणि तिकडंच रमली. इकडं रोपं ट्रेतच उंच वाढून लुळी पडायला लागली. गिरिजाबाईंच्यानं राहवेना. त्यांनी साळूबाईंना हाक मारली आणि निवड सुरू केली. जाडजूड, काळपट हिरवी रोपं एकीकडे.

"ही माझी. माझ्या मायच्या हातचं बी असं मरतुकडं निघत नसतंय."

बारीक, मागं पडलेली दुसरीकडे. "अन् ही तुझी, साळू. ही लावून पाणी काहून वाया घालवायचं?" असं म्हणत त्यांनी ती उपटली आणि उकिरड्यावर भिरकावली. शेवटी मी हाती लागलो. त्यांनी मला उन्हाकडे धरलं आणि हसल्या. "हे वाकडं तर बिलकुल तुझंच!"

साळूबाईंचा चेहरा उतरला. त्यांनी मला काढूनच घेतलं. "द्या इकडं. वाकडं असलं म्हणून काय झालं? माझं हाये ना, मंग मी पाहीन त्याचं."

भिंतीपलीकडे तळ फुटलेल्या हंड्यात त्यांनी मला लावलं. जुन्या लुगड्याच्या काठानं काठीला बांधलं. राख घातली, भांडी विसळलेलं पाणी घातलं. सकाळी माझ्याशी बोलायच्या. "तू दाखव आता त्या बाईला," म्हणायच्या. मी मनोमन पक्कं केलं, मी साळूबाईंचा. लांबट, पिवळं, गोड फळ द्यायचं.

उन्हं तापली. गिरिजाबाईंनी विहिरीजवळ लावलेल्या जाडजूड रोपांना फळं लागली आणि गावभर झालं, की गिरिजाबाईंच्या ओळींत सगळी साळूबाईंची लांबट टमाटी लोंबताहेत. एकही चिरांचं नाही. गिरिजाबाई ओळीत खाली बसल्या, म्हणे. तेव्हापासून त्या त्या तुकड्याकडे फिरकल्या नाहीत.

इकडं माझ्या अंगावर हिरवी फळं धरली होती. एका सकाळी साळूबाईंनी एक फळ हातात घेतलं आणि तशाच थबकल्या. फळ चपटं होतं. बोटानं त्यांनी एकेक चीर चाचपली.

मी घाबरलो. मी काय चूक केली? मला जे सांगितलं तेच व्हायचं होतं मला! त्यांनी फळ सोडलं. आत गेल्या, पोतं आणलं आणि मला झाकून टाकलं. पाणी घालायच्या, पण बोलायच्या नाहीत. भिंतीशी गिरिजाबाईंची चाहूल लागली की पोत्याची कड आणखी खाली ओढायच्या.

मग एकदा लग्नाहून परतलेली अर्पिता विस्तव मागायला आली. साळूबाईंनी विचारलं, "थोरल्या बाई दिसत न्हाईत?"

"पडून असतात. काल म्हणल्या, माय तर गेलीच, आता तिच्या हातची चव बी गेली. नीट जेवत न्हाईत, काकू."

अर्पिता गेल्यावर साळूबाईंनी चुलीतलं लाकूड मागं ओढलं. मग उठल्या, पोतं काढून फेकलं आणि भिंतीवर दोन्ही हात टेकून हाक दिली.

"अहो बाई! इकडं या जल्दी. तुमचं वाकडं पाहून जा."

गिरिजाबाई आल्या. एक फळ नुकतंच लालीला आलं होतं. त्यांनी ते तोडलं नाही, नुसतं तळव्यावर तोललं.

"मंग म्या उकिरड्यावर फेकली ती..."

"तुमचीच व्हती. तुमचं बी हळू उठतंय, बाई. आपल्याला उमगलं न्हाई."

"अन् तू हे झाकून काहून ठेवलं व्हतं?"

"राग आल्ता."

"यायचाच," गिरिजाबाई म्हणाल्या. डोळ्यांना पदर लावला, आणि लगेच दुसऱ्या हातानं माझी माती उकरली. "पाणी लई घालतीस तू. मुळं कुजतील ना!"

"मंग या रोज, अन् घाला तुमच्या हातानं."

तेव्हापासून मला दोन वेळा पाणी मिळतं, कारण एकीचं दुसरीला पटत नाही. पहिली फळं बियांसाठी राखायची, एवढ्यावर एकमत आहे. बी राखेत वाळवायचं की फडक्यावर, यावर अजून नाही.

आता माझी खालची पानं पिवळी पडलीत. ऊन सोसवत नाही, फार दिवस उरले नाहीत. वाण एकीचा आणि वाढवलं दुसरीनं, तर मी कुणाचा? मला अजून उलगडलेलं नाही, आणि त्या दोघींनी विचारायचं सोडून दिलंय.

तुमच्या अंगणात एखादं रोप मागं पडलं असेल, तर उपटायची घाई करू नका. आपण कोण आहोत, हे त्याला तरी कुठं ठाऊक असतं? त्याला फळापर्यंत पोचू द्या.