बुरुलबाईचा फेटा

मी एक फेटा आहे, पण आता कुणाला बांधता न येणारा.

नारीन नदीच्या वरच्या अंगाला, डोंगरात आमचं गाव. तिथं लग्न झालेल्या बाईच्या डोक्यावर पांढरा, लांबलचक फेटा चढतो. त्याचं खरं काम मात्र अगदी शेवटी असतं. बाई गेली की तो सोडायचा आणि त्यातच तिला गुंडाळून मातीत ठेवायचं. मला पहिल्यांदा बांधताना बुरुलबाईची सासू तिला म्हणाली होती, "जपून वापर गं. जाताना हेच नेसायचंय." बुरुलबाईनं मला जपलं. सणासुदीला बांधायची, एरवी पेटीत ठेवायची.

तिची लेक मेरिम बिश्केक शहरात शिकली आणि गळ्यात कॅमेरा अडकवून घरी आली. आई मला बांधत असताना तिनं फोटो काढले. ते शहरात गाजले. पण नुसत्या फोटोंवर तिचं मन भरेना. तिला हातानं घडवलेलं काहीतरी हवं होतं.

"आई, फेटा दे ना थोडे दिवस."

"ने. पण परत आण. माझ्या जाण्याचा आहे तो."

"तू कुठं चाललीस एवढ्यात?"

"मी काय सांगून जाणार आहे होय?"

मेरिमनं मला ओल्या प्लास्टरात बुडवलं, एका साच्यावर गुंडाळलं आणि वाळल्यावर आतला साचा काढून घेतला. राहिलो मी, आत डोकं नसलेला. प्रदर्शनात लोक माझ्यापुढं हात बांधून उभे राहायचे, हळू आवाजात बोलायचे. अल्माटीला नेलं, ताश्कंदला नेलं. मेरिमचं नाव झालं. आणि मी? हुरळली मेंढी लागली लांडग्याच्या पाठी, तशातली गत. दिव्याखाली मला स्वतःचं फार कौतुक वाटायचं. पेटीतला अंधार मी विसरूनच गेलो होतो.

एकदा बुरुलबाई प्रदर्शनाला आली. लेकीच्या पाहुण्यांत अवघडून उभी राहिली. मग पुढं येऊन तिनं मला नखानं वाजवून पाहिलं.

"हा सुटेल ना गं?" तिनं हळूच विचारलं.

"सुटेल की. भिजवला की सुटतो," मेरिम म्हणाली आणि पाहुण्यांकडे वळली. तिनं मला कधी भिजवून पाहिलंच नव्हतं.

गावी परतल्यावर शेजारच्या बातमाकाकूनं म्हणे बुरुलबाईला टोमणा मारला, "लेकीनं तुझं कफन लोकांना दाखवायला ठेवलंय." त्यावर बुरुलबाई म्हणाली, "मीच दिलंय. तुझ्या लेकीला मागायचं सुचलं नाही, त्याला मी काय करू?" हे मला पुढं बायकांच्या बोलण्यातून कळलं. ऐकलं आणि माझी मान कायमची खाली गेली.

हिवाळ्यात बुरुलबाई गेली. मेरिमनं मला गाडीत घातलं आणि तडक गाव गाठलं. अंगणात मयतासाठी तळायच्या बोर्सोक-पुऱ्यांचं तेल तापत होतं. शेजारच्या कढईत पाणी उकळवून तिनं मला त्यात सोडलं. प्लास्टर सुटेना. ती बोटांनी खरवडू लागली. जिथं प्लास्टर निघालं तिथं मीही फाटून आलो. आतून बायकांचा गाऊन केलेला विलाप ऐकू येत होता.

बातमाकाकू मयताला अंघोळ घालून बाहेर आली. तिनं माझ्यावरून तळवा फिरवला.

"काकू, सगळा नको. एक पदर तरी घ्या. छातीवर ठेवा," मेरिम म्हणाली.

काकूच्या आवाजात टोमणा नव्हता. "नको गं बाई. टोचेल तिला."

बुरुलबाई दुकानातून आणलेल्या कापडात गेली. ज्या एका कामासाठी मला विणलं, त्या कामाच्या वेळी मी अंगणात फाटका, भिजलेला पडून राहिलो. त्या दिवसासारखी लाज मला पुन्हा वाटू नये.

आता मी मेरिमच्या कामाच्या खोलीत एका फळीवर आहे. गॅलरीवाले मला बघून गेले. "फाटल्यावर जास्त बोलका झालाय. असाच मांडू या," म्हणाले. मेरिम हो म्हणाली नाही, नाहीही म्हणाली नाही.

मला आता कौतुक नको. तिच्या आईच्या कबरीशेजारी एक खड्डा खणून त्यात मला टाकलं तरी पुरे. टोचलो तर मातीला टोचेन.

आज सकाळी मेरिमनं मला उचललं. बराच वेळ छातीशी धरून रडली. मग खिडकीपाशी नेलं, उजेडाकडे जरा वळवलं आणि फोटो काढायच्या सवयीनं एक डोळा मिटला.

पोरी, मिटायचेच तर दोन्ही मीट.