कबुतरांचा बँड

सिस्टरच्या बॅगेत प्रेशरचं मशीन, ड्रेसिंगचं सामान आणि हातमोजे असायचे. थापा बॅगेत मावत नसत, म्हणून त्या ती डोक्यात घेऊन फिरायची.

घरोघर जाऊन इंजेक्शनं द्यायची, जखमा बांधायच्या, प्रेशर बघायचं, हे तिचं काम. एका घराचं दार ओढून घ्यावं, तर शेजारचं दार प्रश्न घेऊन उभंच. पूर्वी ती सरळ सांगायची, "पेशंटचं मी बाहेर बोलत नाही." पण या एका वाक्यावर गल्लीने बेकरीवाल्या मामांना जवळजवळ पोचवलं होतं. ज्याअर्थी सिस्टर बोलत नाही, त्याअर्थी प्रकरण शेवटचं आहे, असा लोकांनी हिशेब मांडला आणि भेटायला येणाऱ्यांची रीघ लागली. मामांना झालं होतं साधं गळू, तेही नेमकं बसायच्या जागी. बिचाऱ्यांना धड बसवेना, आणि का बसवत नाही ते सांगवेना.

तेव्हापासून सिस्टरने थापा सुरू केल्या. कोणी काही विचारलं की अशी अवाढव्य थाप ठोकायची, की ऐकणाऱ्याने पोट धरून हसावं आणि काय विचारलं होतं तेच विसरावं. कोणाच्या घशात म्हणे बेडूक बिऱ्हाड करून राहिला होता. कोणाला चष्म्यातून उद्याचं दिसायला लागलं होतं. युक्ती झकास चालली. बँडमास्तर येईपर्यंत.

बँडमास्तर म्हणजे वरच्या मजल्यावरचे काका. लग्नाच्या बँडात जन्मभर कॉर्नेट फुंकून गाल असे फुगलेले, की नुसते गप्प बसले तरी तोंडात काहीतरी आहे असं वाटे. बाथरूममध्ये पाय घसरून घोटा मोडला, असं त्यांनी सगळ्यांना सांगितलं होतं. सिस्टरलाही तेच. ऑपरेशनच्या जखमेचं ड्रेसिंग करायला ती एक दिवसाआड जायची. परगावच्या लेकीने काकांना बजावलं होतं, "बाबा, यापुढे एक जरी उद्योग केलात तर सामानासकट माझ्याकडे." आणि लेकीच्या घरी, काका म्हणत, नळसुद्धा दबक्या आवाजात गळतो. तिथे जाण्यापेक्षा दुसरा घोटा मोडलेला बरा.

खालच्या मजल्यावर त्यांच्या थोरल्या भावाची बायको राहायची. गल्लीची काकू. एकदा तिने सिस्टरला जिन्यातच गाठलं.

"भाऊजी पडले कसे गं? बाथरूममध्ये पडून घोटा असा मोडतो होय?"

"बाथरूम कसलं, काकू. कपाटावर चढून बसले होते. कबुतरांना बँड शिकवत होते."

"कपाटावर?"

"मग? उंचावरून आवाज लांब जातो. एक कबुतर सारखं बेसूर घुमायला लागलं. काका तावातावाने त्याचा कान धरायला उठले, ते थेट खाली."

"कबुतराला कान असतो का मेले," म्हणत काकू डोळे पुसेपर्यंत हसली. इतकी गंमत पोटात ठेवणं तिला जमणारं नव्हतं. तिने फोनवर ती पुतणीला ऐकवली.

पुतणी हसली नाही. कारण डॉक्टरांनी फुंकायला बंदी केल्यावर बाबांचा कॉर्नेट कपाटावर, पार मागच्या कोपऱ्यात, तिनेच ठेवला होता. तिने बाबांना फोन लावून एवढंच विचारलं, "कपाटावर चढला होतात?" आपलं बिंग फुटलं असं समजून काकांनी स्टुलापासून फरशीपर्यंत सगळं कबूल केलं. लेक दुसऱ्या दिवशी येऊन हजर.

तक्रार गेली, आणि घरोघर नर्सेस पाठवणाऱ्या ऑफिसातून सिस्टरला बोलावणं आलं. तिथल्या मोठ्या बाईंनी चष्मा वर केला. "पेशंटचं गुपित तुम्ही फोडलंत?"

"मला माहीतच नव्हतं हो. मी चक्क खोटं बोलले."

"खोटं तर खोटं, पण पेशंटच्या नावावर का?" बाईंनी चष्मा पुन्हा नाकावर बसवला. "तो माणूस तुम्हाला आता घरात घेईल का, ते बघा."

काकांनी घेतलं, ते पायापुरतं. पाय तिच्या हातात दिला आणि तोंड खिडकीकडे फिरवलं. जखम दुखतेय का विचारलं, तरी उत्तर नाही. आणि ज्याची कळ कोणी सांगत नाही अशा पायाची पट्टी बांधायची कशी, हे तिला कोणी शिकवलं नव्हतं.

लेक भिंतीपाशी बॅग भरत होती. "सिस्टर, तुम्ही नेहमीच्या येणाऱ्या. खरं सांगा, बाबा इथे एकटे राहू शकतील?"

सिस्टरच्या जिभेवर उत्तर तयार होतं, आणि चांगलं होतं. दोन वाक्यांत काकांची सुटका झाली असती. तिने ते गिळलं.

"ताई, काका इथेच बसलेत. ते सांग म्हणाले तर सांगते."

काकांनी मान वळवली. "आता विचारतेस होय?"

"आता तरी विचारते, काका. आधीच विचारायला हवं होतं. चुकलं माझं."

काकांनी गाल फुगवले, मग हळूहळू हवा सोडली. "सांग. हातचं न राखता सांग."

"जखम सुकलीय. वॉकर धरून स्वयंपाकघरापर्यंत नीट जातात. आंघोळ स्टुलावर बसून करतात, तोल जात नाही. राहू शकतील." सिस्टरने पट्टीचं टोक चिकटवलं. "संध्याकाळची प्रेशरची गोळी मात्र विसरतात."

"हे कशाला मध्येच?"

"हातचं न राखता म्हणालात."

लेकीने हातातला सदरा बॅगेत टाकला, मग पुन्हा बाहेर काढला. "कपाटावर काय अडलं होतं, बाबा?"

"फुंकणार नव्हतो गं. पितळ काळं पडलं असेल, पुसून ठेवावं म्हटलं."

स्टूल ओढून लेकीने कॉर्नेट खाली काढला आणि पदराने धूळ झटकून बाबांच्या मांडीवर ठेवला. "इथेच राहा. पण गोळी कोणीतरी समोर उभं राहून द्यायची. काकू देईल."

"म्हणजे सगळ्या गल्लीला माझं प्रेशर कळणार." काकांनी सिस्टरकडे पाहिलं. "वहिनींना गोळीचं सांग. कशाची ते नाही. ते मी बघेन."

"गोळीपुरतंच," सिस्टर म्हणाली आणि चपला घातल्या.

काकू जिन्याच्या तोंडाशीच होती. "काय ठरलं?"

"काका इथेच राहणार. संध्याकाळची गोळी तुम्ही द्यायची."

"कशाची?"

"एवढंच सांगायची परवानगी आहे, काकू."

"पूर्वी बरी होतीस. निदान थापा तरी मारायचीस."

सिस्टर हसली आणि रस्त्याला लागली. काकू मात्र गुडघ्यांना शिव्या घालत एकेक पायरी चढून वर गेली.

"भाऊजी, गोळी कशाची ते विचारायचंय."

"विचारा, वहिनी," आतून काका म्हणाले. "पण आधी दार लावून घ्या."